मुले कुठे झोपली : वेगळे राहू लागल्यानंतरचा माझा पहिला टॅक्स रिटर्न

शनिवार, २२ जून २०२४ रोजी मुलांचे बाबा एडिसनमधल्या आमच्या भाड्याच्या घरातून निघाले आणि पंधरा मिनिटांवरच्या दुसऱ्या अपार्टमेंटमध्ये राहायला गेले. पुढे आठ महिन्यांनी याच तारखेला सुमारे सात हजार डॉलरची किंमत येणार आहे, हे तेव्हा माझ्या ध्यानीमनीही नव्हते. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सहा वर्षांचा. त्यांना काय आणि किती सांगायचे, एवढाच विचार त्या दिवशी डोक्यात होता.

आधी एक कबुली देते. न्यू जर्सीतल्या आमच्या संसारात टॅक्स रिटर्न दर वर्षी मुलांच्या बाबांनीच भरला. माझा डब्ल्यू-२, म्हणजे वर्षाचा पगार आणि कापलेला कर दाखवणारा मालकाचा कागद, मी त्यांच्या टेबलावर ठेवत असे आणि मार्चमधल्या एखाद्या रात्री ते म्हणत त्या ठिकाणी सही करत असे. नोकरी मी करत होते, घरखर्चाचा हिशेब ठेवत होते, पण जुन्या रिटर्नची एकही प्रत माझ्याकडे नव्हती. तुमचीही अशीच स्थिती असेल, तर पहिले काम हे करा : आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या प्राप्तिकर खात्याच्या, संकेतस्थळावर स्वतःचे खाते उघडा आणि मागच्या वर्षांची ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे रिटर्नचा गोषवारा, उतरवून घ्या. एकत्र भरलेला रिटर्न दोघांचा असतो आणि त्यातल्या कराची जबाबदारीही दोघांवर पूर्णपणे असते. हे वाक्य मी इतक्या उशिरा वाचले, याची मला अजून लाज वाटते.

डिसेंबरमध्ये ऑफिसातल्या पगारपत्रकाकडे नीट पाहिले, तेव्हा पहिली धास्ती बसली. पगारातून किती कर कापायचा हे मालकाला सांगणाऱ्या माझ्या डब्ल्यू-४ फॉर्मवर अजून ‘मॅरिड फायलिंग जॉइंटली’, म्हणजे विवाहित आणि एकत्र रिटर्न, हाच पर्याय होता, त्यामुळे वर्षभर कर कमी कापला गेला होता. माझे २०२४ चे एकूण उत्पन्न ६८,४०० डॉलर आणि कापलेला फेडरल कर ४,२०० च्या आसपास. विवाहित पण स्वतंत्र रिटर्न, म्हणजे ‘मॅरिड फायलिंग सेपरेटली’, हा पर्याय धरून आणि मुले बाबांच्या रिटर्नमध्ये गेली असे समजून मी हिशेब केला. कर सुमारे ६,९०० डॉलर निघत होता, म्हणजे एप्रिलमध्ये मलाच आणखी २,७०० डॉलर भरावे लागले असते. बचत खात्यात तेवढे होते, पण तेवढेच होते.

संक्रांतीला एका मैत्रिणीकडे हळदीकुंकू होते. मी गेले नाही. आपण आता नेमके कोण, हे तिथे कोणी थेट विचारणार नव्हते आणि सगळ्याजणी आडून विचारणार होत्या. डब्ल्यू-२ जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आला. मालकाला तो ३१ जानेवारीपर्यंत द्यावाच लागतो. आयआरएसने २७ जानेवारी २०२५ पासून रिटर्न स्वीकारायला सुरुवात केली होती, त्यामुळे आता टाळाटाळीला कारण उरले नाही.

१ फेब्रुवारीला मी जवळच्या एका कर भरून देणाऱ्या गृहस्थांकडे गेले. सल्ल्याचे पंचाहत्तर डॉलर घेऊन त्यांनी सांगितले, “घटस्फोट झालेला नाही ना? मग तुम्ही विवाहित. एकत्र भरा नाहीतर वेगळे भरा, तिसरा रस्ता नाही. आणि एकत्रच भरा, स्वस्त पडते.” यातले पहिले विधान अर्धवट होते आणि दुसरे आमच्या बाबतीत चूक होते. पण ते मला बारा दिवसांनी कळले. तोवर रात्री झोप लागत नव्हती, कारण एकत्र रिटर्नवर सही करायची म्हणजे समोरच्याच्या प्रत्येक आकड्याची हमी घ्यायची, आणि ते आकडे मला आता ठाऊकच नव्हते.

न्यू जर्सीत इतर काही राज्यांसारखा ‘लीगल सेपरेशन’चा न्यायालयीन दर्जा नाही, त्यामुळे आमच्याकडे दाखवायला कोर्टाचा कागद नव्हता. तो नसला की आपण कुठल्याच रकान्यात बसत नाही, अशी माझी समजूत होती. १३ फेब्रुवारीला गावच्या ग्रंथालयात एएआरपी या ज्येष्ठांच्या संस्थेच्या टॅक्स-एड या मोफत कर-मदत उपक्रमाचे स्वयंसेवक बसतात, तिथे गेले. रिटर्न भरून घेण्यासाठी तीन आठवडे थांबावे लागणार होते, पण सत्तरीतल्या एका स्वयंसेवकांनी मला खुर्ची दिली, पब्लिकेशन ५०१ ही आयआरएसची माहितीपुस्तिका उघडली आणि एकेक प्रश्न विचारला. वर्षाच्या शेवटच्या सहा महिन्यांत, म्हणजे १ जुलै ते ३१ डिसेंबर, नवरा या घरात राहिला का? घर चालवण्याचा निम्म्याहून अधिक खर्च तुम्ही केला का? निम्म्याहून अधिक वर्ष मुलांचे मुख्य घर हेच होते का? तुम्ही स्वतंत्र रिटर्न भरणार आहात का? चारही उत्तरे तुमच्या बाजूने आली, तर कागदोपत्री लग्न टिकून असूनही आयआरएस तुम्हाला अविवाहितांसारखे धरते आणि ‘हेड ऑफ हाउसहोल्ड’, म्हणजे कुटुंबप्रमुख, म्हणून भरू देते, असे ते म्हणाले. घर कोणी सोडले, का सोडले, चूक कोणाची, यातले त्यांनी काहीही विचारले नाही. सात महिन्यांत मला भेटलेला असा तो पहिलाच माणूस.

लक्षात ठेवण्यासारखे इथे हे आहे की कुठलेही सहा महिने चालत नाहीत, शेवटचेच लागतात आणि ते सलग लागतात. मुलांचे बाबा ५ जुलैला गेले असते, तर २०२४ साठी हा पर्याय माझ्या हातातून गेला असता. कामानिमित्त किंवा उपचारांसाठी जोडीदार काही काळ बाहेर असेल, तर तेही वेगळे राहणे धरत नाहीत. दिवाळीत सासूबाई भारतातून आल्या होत्या. लक्ष्मीपूजनाच्या रात्री त्यांनी आपल्या मुलाला, म्हणजे मुलांच्या बाबांना, “आज इथेच राहा ना” असे म्हटले, तेव्हा मी गप्प राहिले होते आणि ते साडेअकराला उठून आपल्या घरी गेले होते. त्या वेळी सगळ्यांनाच वाईट वाटले. फेब्रुवारीत त्या उठून जाण्याचे मी मनोमन आभार मानले.

खर्चाचा हिशेब मी एका रविवारी बसून केला. घरभाडे महिना २,१५०, वीज, गॅस आणि इंटरनेट मिळून १९०, घरात खाल्ले जाणारे अन्न साधारण ७००. कपडे, शाळेचा खर्च, औषधोपचार, सहली आणि गाडी या हिशेबात येत नाहीत, हे मला नवीन होते. जानेवारी ते जूनचा खर्च जॉइंट खात्यातून झाला, म्हणून त्यातला निम्मा माझा धरला. जुलैपासून सगळा माझ्याच खात्यातून गेला. वर्षाच्या ३६,४८० डॉलरपैकी माझा वाटा २७,३६० निघाला, म्हणजे पाऊण हिस्सा. बँकेची पत्रके महिनावार छापून एका फाइलीत लावली. मुलांसाठी ते देत असलेली पोटगी माझ्या उत्पन्नात धरायची नसते आणि त्यांनाही तिची वजावट मिळत नाही. त्यामुळे रिटर्नवर त्या रकमेचा उल्लेखही आला नाही.

मग रात्रींचा प्रश्न आला. दोन्ही पालक मुलाला आपल्या रिटर्नमध्ये दाखवू शकत नाहीत. ज्याच्या घरी मूल अधिक रात्री झोपले, तो ताबा असणारा पालक. वर्षाच्या मध्येच वेगळे झालेल्यांसाठी वेगळे झाल्यानंतरच्या रात्री मोजतात. रात्री अगदी समसमान निघाल्या, तर ज्याचे उत्पन्न जास्त त्याला मुले मिळतात, आणि आमच्यात ते उत्पन्न माझे नव्हते.

आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेले असते. जुलैपासून मुले कधी कुठे असणार याचा गोंधळ होऊ नये म्हणून मी त्यावर तारखेच्या कोपऱ्यात ‘आ’ किंवा ‘बा’ असे लिहीत होते. करासाठी नव्हे, डबा करायचा की नाही हे सकाळी कळावे म्हणून. तेच कालनिर्णय आता भिंतीवरून उतरवून टेबलावर घेतले आणि एकादशी, चतुर्थी, दूध बंदच्या नोंदी यांच्यामधून अक्षरे मोजू लागले. मुलगी शेजारी येऊन बसली. काय मोजतेस, असे तिने विचारले. मी सांगितले की सरकारला सांगायचे आहे, तुम्ही किती रात्री इथे होतात. ती थोडा वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “ऑक्टोबरात शाळेच्या कॅम्पला गेले होते त्या तीन रात्री कोणाच्या?” मला उत्तर माहीत नव्हते. पब्लिकेशनमध्ये सापडले : मूल बाहेर असेल, तर त्या रात्री ज्या पालकाकडे ते एरवी राहिले असते त्याच्या. तीन रात्री माझ्या खात्यात आल्या. १ जुलै ते ३१ डिसेंबर या १८४ रात्रींपैकी १४३ माझ्याकडे आणि ४१ त्यांच्याकडे. जूनच्या शेवटच्या आठवड्यातही मुले माझ्याकडेच होती. आकडा माझ्या बाजूचा होता, तरी ती ४१ अक्षरे मोजून झाल्यावर मी बराच वेळ उठले नाही.

हिशेब नव्याने मांडला. हेड ऑफ हाउसहोल्डला २०२४ ची प्रमाणित वजावट २१,९०० डॉलर, स्वतंत्र भरणाऱ्या विवाहिताला १४,६००. त्यामुळे माझा कर सुमारे ५,२५० वर आला. सतरा वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे दोन हजार याप्रमाणे चाइल्ड टॅक्स क्रेडिट, म्हणजे थेट करातून वजा होणारी रक्कम, ४,०००. शाळा सुटल्यानंतरच्या आफ्टर-केअरसाठी वर्षभरात मी ६,९०० डॉलर दिले होते. तेरा वर्षांखालच्या दोन मुलांसाठी २०२४ साठी त्यातले ६,००० धरता येत होते आणि माझ्या उत्पन्नाला त्याचे वीस टक्के, म्हणजे १,२०० डॉलर, फॉर्म २४४१ भरून मिळत होते. हे दुसरे क्रेडिट ‘मॅरिड फायलिंग सेपरेटली’ लिहिणाऱ्याला सहसा मिळतच नाही. शेवटी कर उरला पन्नास डॉलरच्या आसपास आणि परतावा निघाला ४,१५० चा. भरायचे २,७०० होते त्याचे घ्यायचे ४,१५० झाले. दोघांनी एकत्र भरण्याशीही तुलना केली. त्यांच्या पगाराचा अंदाज मला होता. त्या हिशेबाने या पद्धतीत दोघांचा मिळून कर दीड हजारांहून अधिक डॉलरने कमीच होत होता. शिवाय आधी स्वतंत्र भरले तर पुढे तीन वर्षांपर्यंत बदलून एकत्र करता येते, पण एकत्र भरल्यानंतर १५ एप्रिलची मुदत उलटली की स्वतंत्र करता येत नाही. मन दुविधेत असणाऱ्यांनी एवढे एक वाक्य तरी जपून ठेवावे.

मुलांना सोशल सिक्युरिटी नंबर असल्यामुळे हे चाइल्ड टॅक्स क्रेडिट मिळाले. एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावर आलेल्या आणि केवळ आयटिन, म्हणजे सोशल सिक्युरिटी नंबर नसणाऱ्यांचा कर-क्रमांक, असलेल्या मुलामागे ते मिळत नाही, पाचशे डॉलरचे दुसरे क्रेडिट मिळते.

ताईला साताऱ्याला फोन केला. ती बँकेत आहे. “मग आता तुला तिकडे कागदावर काय म्हणतात?” हेड ऑफ हाउसहोल्ड, मी सांगितले. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “म्हणजे आपल्याकडच्या एचयूएफमधला, हिंदू अविभक्त कुटुंबातला, कर्ता! झालीस की गं.” कितीतरी दिवसांनी आम्ही दोघी हसलो.

२० फेब्रुवारीच्या रात्री मुले झोपल्यावर रिटर्न पाठवला. त्या हंगामात समायोजित उत्पन्न ८४,००० डॉलरपर्यंत असेल तर आयआरएसच्या फ्री फाइल योजनेतली सॉफ्टवेअर फुकट वापरता येत होती, त्यातलेच एक वापरले. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला जाताना ई-मेल आला : रिटर्न नाकारला. कारण, डिपेंडंटचा, म्हणजे अवलंबिताचा, सोशल सिक्युरिटी नंबर आधीच दुसऱ्या रिटर्नवर वापरला गेला आहे. दोन्ही मुलांचा.

मी पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिले. पहिला विचार जो येतो तोच आला आणि तो इथे लिहिण्यासारखा नाही. संध्याकाळी शांत होऊन मेसेज केला. त्यांचे उत्तर आले की सॉफ्टवेअरने मागच्या वर्षीची माहिती तशीच पुढे आणली, त्यांनी मुलांची नावे काढली नाहीत, आणि काढायला हवी होती असे त्यांना वाटतही नाही, कारण मुले त्यांचीही आहेत. शेवटचे वाक्य खरेच होते. त्यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता.

पूर्वी अशा वेळी दुसऱ्याला कागदी रिटर्न टपालाने पाठवावा लागत असे. २०२५ च्या हंगामापासून नियम बदलला आहे : दुसऱ्या रिटर्नवर मुख्य करदात्याचा वैध आयपी पिन, म्हणजे ओळख पटवणारा पिन, असेल, तर ई-फाइल स्वीकारली जाते. हा सहा आकडी पिन आयआरएसच्या खात्यातून मिळतो आणि दर वर्षी बदलतो. माझे खाते मात्र अजून पुरते उघडलेले नव्हते, कारण ओळख पडताळणीत माझे नाव अडले होते. पासपोर्टवर माझ्या नावापुढे नवऱ्याचे नाव आहे, सोशल सिक्युरिटी कार्डावर ते नाही, आणि ड्रायव्हिंग लायसनवर त्याचे पहिले अक्षर आहे. मराठी बायकांची ही अडचण इथल्या संगणकाला समजावून सांगणे अवघड. दोन्ही मुलांच्या कार्डांवरही मधले नाव त्यांचेच. तीन माणसांची कागदपत्रे पसरली होती आणि जो माणूस या रिटर्नमध्ये नाही त्याचे नाव त्यांत सगळ्यांत जास्त वेळा होते. दोनदा नकार मिळाल्यावर व्हिडिओ कॉलचा मार्ग निवडला, एक तास चाळीस मिनिटे रांगेत थांबले, पासपोर्ट आणि लायसन कॅमेऱ्यापुढे धरले आणि पाच मिनिटांत काम झाले. हे जानेवारीतच करून ठेवा.

२७ फेब्रुवारीला पिन घालून तोच रिटर्न पुन्हा पाठवला. २८ ला स्वीकारला गेला. न्यू जर्सीचा रिटर्नही त्याच दर्जाने भरला. तिथे प्रत्येक मुलामागे १,५०० डॉलरची सूट मिळते आणि भाडेकरूला भाड्याचे अठरा टक्के मालमत्ता कर म्हणून धरता येतात.

पुण्यातले आमचे जॉइंट खाते आणि मुदत ठेव मी जवळजवळ विसरले होते. परदेशी खात्यांतली मिळून रक्कम वर्षात कधीही दहा हजार डॉलरच्या वर गेली, तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म, भरावा लागतो. एकत्र रिटर्न भरत होतो तेव्हा तेही त्यांनीच पाहिले होते. आता मी माझा वेगळा भरला. आपापला भरताना जॉइंट खात्याची पूर्ण रक्कम दोघांनीही दाखवायची असते. ठेवीच्या व्याजातला माझा हिस्सा उत्पन्नात आधीच धरला होता. एफबारला शुल्क नाही, वेळ एक तास.

परतावा २६ मार्चला खात्यात आला. त्याच आठवड्यात ऑफिसात डब्ल्यू-४ बदलून दिला. ३० मार्चला पाडवा होता. गुढी लहानशीच, बाल्कनीत उभारली.

त्या दरम्यान मी पुरावे गोळा करत राहिले, कारण दोन रिटर्नवर तीच मुले असतील तर पत्र येणार, हे स्वयंसेवक काकांनी सांगून ठेवले होते. मी त्यांना मनात काकाच म्हणत असे. आयआरएसचा फॉर्म ८८६-एच-डीईपी पाहा, कुठली कागदपत्रे चालतात याची यादी त्यात आहे. शाळेच्या लेटरहेडवर मुलांचा पत्ता, पालकाचे नाव आणि तारखा असलेले पत्र, बालरोगतज्ज्ञांकडचे तसेच पत्र, भाडेकरार. शाळेच्या ऑफिसातल्या बाईंनी पत्र दहा मिनिटांत दिले आणि काही विचारले नाही, यावरून मी पहिली नसावे असे वाटले.

पत्र ऑगस्टच्या शेवटी आले, सीपी८७ए, दोघांनाही. त्यात दुसऱ्या माणसाचे नाव नसते. तुमचा दावा बरोबर असेल तर काही करू नका, चूक असेल तर सुधारित रिटर्न भरा, एवढेच त्यात असते. म्हणजे ज्या पत्राची सहा महिने धास्ती घेतली, त्यावर मला करायचे काहीच नव्हते. त्या रात्री मुलांच्या बाबांचा फोन आला. मी कालनिर्णयाच्या पानांचे फोटो आणि पब्लिकेशन ५०४ या, विभक्त झालेल्यांसाठीच्या आयआरएस पुस्तिकेतला परिच्छेद पाठवला. दोन दिवस गेले. मग त्यांनी ४१ रात्री मान्य केल्या. मोजणी त्यांचीही तीच निघाली होती. सप्टेंबरमध्ये त्यांनी फॉर्म १०४०-एक्स, म्हणजे सुधारित रिटर्न, भरून चार हजार डॉलर व्याजासह परत केले. मला त्यात आनंद झाला असे मी म्हणणार नाही, कारण त्याच महिन्यात मुलीच्या व्हायोलिनच्या शिकवणीचे पैसे देणे त्यांना जड गेले.

ऑक्टोबरमध्ये मध्यस्थापुढे बसलो, प्रत्येकी ४५० डॉलर. ठरले असे की २०२५ साठी मुलाचा दावा ते करतील आणि त्या बदल्यात आफ्टर-केअरचा निम्मा खर्च उचलतील. हे तोंडी चालत नाही, करारात लिहूनही पुरत नाही. ताबा असणाऱ्या पालकाने फॉर्म ८३३२ सही करून द्यावा लागतो आणि तो त्यांच्या रिटर्नला जोडला जातो. या फॉर्मने फक्त चाइल्ड टॅक्स क्रेडिट जाते, जे २०२५ पासून २,२०० डॉलर झाले आहे. हेड ऑफ हाउसहोल्डचा दर्जा आणि आफ्टर-केअरचे क्रेडिट माझ्याकडेच राहतात. फॉर्ममध्ये पहिला भाग चालू वर्षासाठी आणि दुसरा पुढच्या वर्षांसाठी आहे. मी केवळ पहिला भरणार आहे. दुसरा भरला आणि मग मन बदलले, तर तो रद्द करता येतो, पण रद्द केल्याचे कळवल्यानंतरच्या पुढच्या वर्षापासूनच.

सही जानेवारीत करायची आहे. तोवर २०२५ चे कालनिर्णय स्वयंपाकघरात आहे आणि त्यावरची अक्षरे आता मुलगी लिहिते. तिने ‘आ’ आणि ‘बा’ सोडून निळा आणि हिरवा ठिपका सुरू केला आहे, आणि कॅम्पच्या रात्रींसाठी तिसरा, पिवळा.